वाटा

आपल्याकडे पारा चढतो तसा उतरतो.
ताप असो की राग,
काचेची नळी दोनदा झटकली
की मुकाट मागे फिरतो.

समुद्रात तो नुसताच चढतो.

ह्वाल्बाच्या धक्क्यावर चिठ्ठ्या वाटतायत.
फेरो बेटांवर देवमासा कुणा एकाचा नसतो.
ज्यानं होडी हाकली त्याचा,
ज्याची होडी फुटली त्याचाही,
मास्तरांचा, एकट्या विधवेचा,
गेल्याच महिन्यात राहायला आलेल्या सुताराचा.
पैशाचं नाव नाही. घरटी एक वाटा.

रान्वाचा नंबर तेवीस.
सातवा महिना; कोटाची बटणं पुढे भेटत नाहीत.
सासरा त्रोन्दुर सुरी पुसत म्हणतो,
तू वाकू नकोस, तुझा वाटा मी उचलतो.

काळंभोर मांस, पांढरी चरबी, उकडलेला बटाटा.
उरलेलं फळ्यांच्या झोपडीत टांगायचं,
फटींतून वारा येऊन ते राखतो.

आणि हा वाटा आला कुठून?
देवमाशाच्या पोटात माकूल,
माकुलाच्या पोटात बोटभर मासळी,
मासळीच्या पोटात
पाण्याला नुसती हिरवट झाक देणारे जीव,
त्यांच्याही खाली चिखल,
जिथं श्वास पुरत नाही आणि तरी कुणीतरी राबतंय:
जिवाणूंची जुनी आळी.
आलेल्या पाऱ्याला ते असं काही रूप देतात
की तो पुढे कुणाचंही अंग सोडत नाही.
चिखलावर पाणी, पाण्यावर पाऊस,
पावसाच्या मागे धुराडं,
ह्वाल्बात कुणाला उच्चारताही येणार नाही
अशा एका शहरातलं,
जिथं एका थंड रात्री
कुणीतरी आजारी लेकरासाठी दिवा लावला
आणि त्यासाठी कुठेतरी कोळसा जळला.

लहानगा कणभर खातो, पण विसरत नाही.
मोठा हजार लहानग्यांना खातो.
हजारांचं न विसरणं
एकाच्या मांसात.

बाळंतपणानंतर आर्मगार सुईण
रान्वाच्या मानेमागची बट कापते,
पेन्सिलीच्या शिशाएवढी जाड.
मुळाच्या टोकाला दोरा,
म्हणजे महिने कुठल्या बाजूनं मोजायचे ते कळावं.
बोटाच्या पेराएवढ्या केसात दोनेक महिने,
त्यात जेवलेलं सगळं.
नाळेतलं थोडं रक्तही बाटलीत जातं.
लेबलावर लिहायचं काय? मुलीला अजून नाव नव्हतं.
वाटा मात्र होता.

एइद्ना आता सात वर्षांची.
परकरासारखा घोळदार झगा, पुढचा एक दात पडलेला.
पाहुण्या बाई टेबलावर चित्रं मांडतात.
मेंढी. चूल. शिडी.
मग एक चित्र येतं
आणि ती थांबते.
घड्याळ चालू असतं.
रोज दाराशी टेकून ठेवलेलं असतं ते,
आजोबांच्या तळव्याला त्याचेच घट्टे,
लहानपणी पाळण्याजवळही होतं.
ती ओठ हलवते. शब्द येत नाही.
लाजली असेल. झोपही नीट झाली नसेल काल.
बाई तेवढेच सेकंद लिहितात, कारण लिहीत नाहीत.

खिडकीपाशी रान्वा स्वतःच्या वेणीचं टोक
बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते.
त्या केसांतले ते महिने
केव्हाच कापून गेलेत.

धक्क्यावर पुन्हा चिठ्ठ्या निघाल्या त्या वर्षी
तेवीस नंबरचा वाटा उचलायला कुणी गेलं नाही.
आधी कुणी काही बोललं नाही.
मग दुकानात बोलले.
त्रोन्दुरनं सुरीला तेल लावलं,
कापडात गुंडाळली, वरच्या फळीवर ठेवली,
आणि रात्री कुणाशी न बोलता बटाटे नुसते मिठाशी खाल्ले.
आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाच्या वाट्याला नव्हता.

सकाळी धुकं उठायच्या आत
त्यानं नातीला होडीत बसवलं.
हातात दिलं ते,
कसं धरायचं ते सांगितलं नाही,
काय म्हणतात तेही विचारलं नाही.
तिनं ते पाण्यात बुडवलं, ओढलं.
थोडी डावीकडे वळली,
मग सरळ झाली
नाव.